चोवीस किलोची दोरी आणि सहा तास: मॉरिशसच्या समुद्रातील एका मार्लिनचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ब्लॅक रिव्हर गावाबाहेरच्या खोल समुद्रात घडले. दिवसाच्या भाड्याने घेतलेल्या एका बोटीवर आम्ही चौघे होतो, तिघे मुंबईचे आणि एक रत्नागिरीचा. खाडीत आणि खडपावरून गरवण्याची, म्हणजे गळाने मासे धरण्याची, सवय चौघांनाही लहानपणापासूनची होती, आणि दोघांनी अंदमानात मोठ्या रीलवर मासे काढलेले होते. जिवंत मार्लिन, म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेला खोल समुद्रातला प्रचंड मासा, मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. त्या दिवशी ज्यांच्या हाती रॉड होता त्या गृहस्थांना येथे अप्पा म्हटले आहे. त्यांचे वय ५४ होते, प्रकृती ठणठणीत दिसत असे, आणि रक्तदाबाची एक गोळी ते रोज घेत असत, जी गोष्ट त्या दिवशी दुपारपर्यंत बोटीवर कोणालाही माहीत नव्हती. बोट, तिचा मालक आणि कप्तान यांची ओळख पटेल असा तपशील दिलेला नाही. बुकिंगचा सगळा पत्रव्यवहार मी केला होता, त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांपैकी पहिली माझ्या खात्यावर आहे.

मार्लिनसाठी लोक याच किनाऱ्यावर का येतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ, पोपटी रंगाचे पाणी आहे. भिंतीतील वाटेने बोट बाहेर पडली की तळ झपाट्याने खाली जातो, आणि किनाऱ्यावरची घरे दिसत असतानाच बोटीखाली काहीशे मीटर पाणी असते. वर्षाचा बराच काळ वाहणारे आग्नेयेचे वारे बेटाच्या डोंगरांमुळे या बाजूला अडतात, आणि ५५६ मीटर उंचीच्या ल मोर्न डोंगराच्या टोकाशी अडलेले व मोकळे पाणी एकमेकांना भिडते. तेथे छोटे कुपे आणि इतर भक्ष्यमासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे मार्लिन येतात. निळ्या मार्लिनचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च हा आहे, आणि वादळांचा हंगामही साधारण त्याच महिन्यांत पडतो. मोठ्या माशांसाठी या गावाची ख्याती जुनी आहे; १९८८ मध्ये येथेच गरवलेला १,११५ पौंडांचा माको शार्क पुढे बारा वर्षांहून अधिक काळ जागतिक विक्रम म्हणून टिकला.

बोट सुमारे ३८ फुटांची, दोन डिझेल इंजिनांची, मागच्या डेकवर मोठ्या माशाशी झुंजताना बसायची, पायटेकू असलेली खुर्ची बसवलेली अशी होती. कप्तान स्थानिक क्रेओल होता आणि त्याला या पाण्याचा वीस वर्षांहून अधिक अनुभव होता. दोन खलाशांपैकी धाकटा मराठी वंशाचा निघाला. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही आहेत आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, हे आम्हाला वाचून ठाऊक होते. तरीही ज्याला गणपतीची आरती शेवटपर्यंत पाठ आहे पण ‘दोरी सैल सोड’ एवढे मराठी कळत नाही, असा माणूस समोर आल्यावर क्षणभर गोंधळ उडाला. बोटीवरची भाषा त्यामुळे क्रेओल (फ्रेंचवरून घडलेली तेथील बोली), मोडके इंग्रजी आणि थोडी हिंदी अशी राहिली. याचा परिणाम पुढे झाला.

करार आणि त्यातील मोकळ्या जागा

बुकिंग करताना मी तीन गोष्टी विचारल्या होत्या: दर, वेळ आणि जेवण. उत्तरासोबत अटींचे एक पान आले होते आणि त्यात पकडलेला मासा बोटीच्या मालकीचा राहील असे एक वाक्य होते. ते मी वाचले, पण त्याचा अर्थ मनात उतरला नाही, कारण आपल्याकडे भाड्याच्या होडीतून गरवलेला मासा गरवणाऱ्याचा असतो आणि होडीवाल्याला फार तर त्यातला एखादा देतात. मॉरिशसमध्ये प्रथा उलटी आहे. भाडे आणि माशाची विक्री ही बोटीची दोन वेगवेगळी उत्पन्ने आहेत. धुरी दिलेला मार्लिन हा तेथील आवडीचा पदार्थ असल्याने मोठ्या माशाला गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि आमच्या बोटीवर तरी त्या पैशांतील वाटा खलाशांनाही मिळत असे.

चौथी गोष्ट मी स्वतःहून सुचवली. ६० किलोऐवजी २४ किलो ताकदीच्या दोरीवर मार्लिन लागला तर खरा कस लागेल, असे आमच्यात ठरले होते, म्हणून पाच रॉडपैकी किमान दोन हलके ठेवावेत, अशी विनंती मी पत्रातून केली. कप्तानाने कळवले की तो शक्यतो ६० किलोच वापरतो, पण गिऱ्हाइकाची इच्छा असेल तर हरकत नाही. त्या उत्तरातला इशारा मला तेव्हा ऐकू आला नाही.

हलक्या दोरीचा अर्थ समजावा म्हणून एक हिशेब द्यावा लागेल. मासा आमिष ओढतो त्या वेळी रीलचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर ठेवतात. ६० किलोच्या दोरीवर तो सुमारे २० किलो होतो आणि २४ किलोच्या दोरीवर ८ किलो. दोनशे किलोच्या, क्षणात वेग घेणाऱ्या माशाला आठ किलोंचा अडथळा थांबवू शकत नाही. तो त्याला फक्त हळूहळू थकवतो. शिवाय रीलवरची दोरी संपत आली की गुंडाळीचा व्यास लहान होतो आणि ब्रेक तोच राहिला तरी दोरीवरचा ताण वाढत जातो. गुंडाळी निम्म्या व्यासाची झाली तर ताण दुप्पट होतो. पाण्यात पडलेल्या कित्येकशे मीटर दोरीला पाण्याचा होणारा विरोध त्यात वेगळा मिळवावा लागतो. म्हणूनच मासा लांब गेला की जाणता कप्तान ब्रेक आवळत नाही, सैल करतो. थोडक्यात, हलक्या दोरीवर झुंज लांबते, आणि तिची किंमत दोन्ही टोकांना असलेल्या जिवांना मोजावी लागते.

मासा सोडायचा की घ्यायचा, हा प्रश्न पत्रव्यवहारात आलाच नाही. सकाळी साडेसातला, आमिषे पाण्यात पडल्यानंतर, अप्पांनी सहज म्हटले की मोठा मासा लागला तर फोटो काढून सोडून देऊ. धाकट्या खलाशाने ते कप्तानाच्या कानावर घातले. वरून उत्तर आले, “नू पू गेते,” म्हणजे बघू या. आम्ही तो होकार समजलो. कप्तानाच्या मते त्याने काहीच कबूल केलेले नव्हते, आणि शब्दशः पाहता त्याचेच म्हणणे बरोबर होते.

घटनाक्रम

बोट सहा चाळीसला निघाली. आठ नॉट वेगाने पाच नकली आमिषे मागे ओढली जात होती. पहिले तीन तास दोन लहान डोराडो मासे सोडले तर काही लागले नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी उजव्या आउटरिगरवरची (आमिषाची दोरी बोटीपासून दूर धरणाऱ्या लांब काठीवरची) दोरी सुटली आणि रील ओरडू लागली. ती नेमकी २४ किलोची होती.

मासा चार-पाच वेळा पूर्ण पाण्याबाहेर आला, आणि खलाशांनी उरलेल्या चार दोऱ्या आत घेईपर्यंत त्याने चारशे मीटरहून अधिक दोरी नेली. अप्पा खुर्चीत बसले, हार्नेस, म्हणजे रॉड अंगाशी जोडणारा पट्टा, लावला गेला, आणि कप्तानाने बोट मागे घेत दोरी परत मिळवून दिली. हे काम त्याने इतके सफाईने केले की अकरा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे झुंज सुरू झाल्यापासून पाऊण तासात, लीडरची, म्हणजे गळाजवळच्या जाड दोरीची, कडी रॉडच्या टोकापर्यंत आली. मासा बोटीपासून आठ-दहा मीटरांवर, पृष्ठभागाखाली जेमतेम दोन मीटर, तिरका आणि जांभळा-निळा दिसत होता. थोरला खलाशी हातमोजे घालून काठाशी उभा होता.

त्याने लीडर धरला नाही. कप्तानाने वरून हात आडवा करून त्याला थांबवले, आणि कॅमेरा असलेला आमचा सोबती त्याच वेळी केबिनमधून ‘एक मिनिट’ असे ओरडत होता. वीसेक सेकंदांनी मासा वळला, बोटीखालून गेला आणि सरळ खाली जाऊ लागला.

त्यानंतर सुमारे अडीच तास दोरी जवळजवळ उभी राहिली. मासा अंदाजे तीनशे मीटर खोलीवर होता. अप्पा पाच मीटर दोरी आत घेत, मासा सहा मीटर नेई. एक वाजता त्यांच्या मांड्यांत गोळे येऊ लागले. एक वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर त्यांना दोन मिनिटांपूर्वी दिले होते. चेहरा लाल होता, पण कपाळ कोरडे होते. दोन वाजण्याच्या सुमारास माशाने अचानक साठेक मीटर दोरी ओढली, आणि मग दोरीतून हाताला जाणवणारे डोक्याचे झटके थांबले. राहिले ते फक्त वजन. कप्तान सुकाणूच्या उंच जागेवरून खाली आला, त्याने दोरीवर बोटे ठेवून मिनिटभर डोळे मिटले आणि मान हलवली.

समस्या

दोन वाजता बोटीवर चार प्रश्न एकमेकांत अडकून उभे होते. रॉड धरलेल्या माणसाला उष्णतेचा त्रास सुरू झाला होता. मासा बहुधा मेला होता आणि तीनशे मीटर खाली लटकत होता. दोरी त्याला उचलण्याच्या मानाने हलकी होती. आणि हा मासा कोणाचा, याबद्दल दोन्ही बाजूंची समजूत वेगळी असूनही कोणी ती बोलून दाखवलेली नव्हती.

पाचवी अडचण मानाची होती, आणि मला वाटते तीच इतर चारींना धरून ठेवत होती. मोठ्या माशांच्या खेळाचे नियम १९३९ मध्ये स्थापन झालेली आयजीएफए ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. त्यांतला गाभ्याचा नियम असा, की मासा लागल्यानंतर लीडर हाती येईपर्यंत रॉड, रील किंवा दोरीला दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. लागला तर तो मासा त्या गरवणाऱ्याचा धरला जात नाही. अप्पांना हा नियम तोंडपाठ होता. आमच्यापैकी कोणीही त्या संस्थेचा सभासद नव्हता, विक्रमासाठी अर्ज करण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता, आणि २४ किलोच्या दोरीवरचा जागतिक विक्रम आमच्या माशाच्या कितीतरी पुढे होता. तरी तो नियम पाळला जात होता. दीड वाजता कप्तानाने रॉड बदलण्याविषयी विचारले तेव्हा अप्पा म्हणाले, “इतका वेळ धरला, आता दुसऱ्याच्या हातात कसा देऊ?” आणि आम्ही तिघांनी, त्यांचा मान राखायचा म्हणून, त्यांची बाजू घेतली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ब्रेक आवळून निकाल लावण्याचा होता. मासा वर आला तर आला, दोरी तुटली तर तुटली. बारा वाजता हा पर्याय खरोखर उपलब्ध होता, कारण मासा जिवंत होता आणि वरच्या दिशेने वळवता आला असता. दोन वाजता दोरी तुटली असती तर मेलेला मासा तळाशी गेला असता आणि कोणाच्याच हाती काही लागले नसते.

दुसरा पर्याय दोरी कापण्याचा होता. आमच्यातल्या एकाने तो बारा वाजता हळू आवाजात मांडला होता. त्यावर कप्तानाची हरकत चुकीची नव्हती: लीडर हाताशी असताना कापला तर माशाच्या तोंडात गळ आणि वीतभर दोरी राहते, पण तीनशे मीटरवर कापला तर तेवढी सगळी दोरी त्याच्यामागे फरफटत राहते. तरीही माझे आजचे मत असे आहे की बारा वाजता तो पर्याय अधिक गांभीर्याने घ्यायला हवा होता.

तिसरा, रॉड बदलण्याचा. याची किंमत फक्त अप्पांच्या मनात होती. माशाला आणि माणसाला दोघांनाही त्याचा फायदाच झाला असता.

चौथ्या पर्यायाला तेथे प्लेनिंग म्हणतात. बोट अगदी सावकाश पुढे नेतात, ब्रेकवरून दोरी थोडी सुटू देतात, त्यामुळे उभी दोरी तिरकी होते आणि पाण्याच्या रेट्याने खालचे वजन वर सरकते. मग बोट वळवून मागे येतात आणि सैल पडलेली दोरी रीलवर भरून घेतात. प्रत्येक फेरीला वीस-पंचवीस मीटर मिळतात. यासाठी इंजिन आणि रॉड यांचा मेळ लागतो, आणि थकलेल्या, गोंधळलेल्या माणसाकडून तो होणे शक्य नव्हते. म्हणजे चौथ्या पर्यायाची वाट तिसऱ्यातूनच जात होती.

पाचवा पर्याय होता, जसे चालले आहे तसे चालू देण्याचा. तो कोणी मांडला नाही, पण अकरा वीस ते दोनपर्यंत आम्ही प्रत्यक्षात तोच निवडला होता.

केलेली कृती

निर्णय अखेर धाकट्या खलाशाने घडवून आणला. अप्पांचे कपाळ कोरडे असल्याचे पहिल्यांदा त्याच्या लक्षात आले. त्याने कप्तानाला काहीतरी सांगितले आणि मग आमच्याकडे वळून हिंदीत एवढेच म्हणाला की मासा गेला आहे, आता माणूस बघा. मासा मेला असे स्पष्ट शब्दांत कळल्यावर अप्पांनी स्वतःच हार्नेसची कडी सोडली. दोन वाजून तीस मिनिटांनी रॉड थोरल्या खलाशाकडे गेला.

अप्पांना केबिनच्या सावलीत आडवे केले, शर्ट काढून मान, काखा आणि जांघा बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या टॉवेलांनी पुसल्या, आणि घोटाघोटाने मीठसाखरेचे पाणी दिले. तेव्हा कुठे आम्हाला कळले की त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती, आणि सकाळी त्यांनी बोट लागू नये म्हणून दुसरी एक गोळीही घेतली होती. पहिलीने शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात. दुसऱ्या प्रकारच्या काही औषधांनी गुंगी येते आणि घाम कमी होतो. दोन्ही घेऊन माणूस चार तास उन्हात, हार्नेसमध्ये बांधलेला बसला होता. कप्तानाने किनाऱ्यावर फोन करून गाडीची व्यवस्था केली. त्याच वेळी मासा सोडून थेट बंदराकडे जायचे का, असे त्याने विचारले. अप्पा सावध होते, पाणी पोटात टिकत होते, विचारलेल्याचे उत्तर नीट देत होते, म्हणून आम्ही ‘थांबू या’ असे सांगितले. हा निर्णय सुदैवाने निभावला. तो योग्य होता असे मी म्हणणार नाही.

पावणेतीनपासून प्लेनिंग सुरू झाले. बारा-तेरा फेऱ्या झाल्या. चार वाजून पंचवीस मिनिटांनी मासा पृष्ठभागावर आला, शेपटी वर आणि डोके खाली अशा अवस्थेत. लीडरचा वेढा शेपटीभोवती पडला होता. मार्लिनला श्वासासाठी सतत पुढे पोहावे लागते, उघड्या तोंडातून आत आलेले पाणी कल्ल्यांवरून वाहते तेव्हाच त्याला प्राणवायू मिळतो. शेपटीकडून मागे ओढला जाणारा मार्लिन पाण्यातच गुदमरतो. दोनच्या सुमाराच्या त्या शेवटच्या धावेत वेढा पडला असावा, असे कप्तानाचे मत होते. खोल, थंड पाणी आणि साडेतीन तासांचा थकवा यांनी त्याआधीच बरेचसे काम केले होते.

परिणाम

बंदरावरील काट्यावर मासा २०३ किलो भरला. मादी होती, कारण या जातीत नर इतके वाढत नाहीत. खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी २९० सेंटिमीटर आणि घेर १४० सेंटिमीटर होता. जिवंत माशाचे वजन अंदाजण्याचे एक जुने सूत्र आहे: इंचांतील लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, म्हणजे पौंड. त्या सूत्राने उत्तर सुमारे १९७ किलो येते. सहा किलोंची अचूकता मिळवण्यासाठी मासा काट्यावर टांगण्याची काही गरज नव्हती, हा हिशेब मी त्याच रात्री खोलीवर बसून केला.

अप्पांना खासगी दवाखान्यात सलाइन लावले आणि रात्री साडेनऊला सोडले. पुढचे दोन दिवस त्यांचे हात थरथरत होते.

वाद दुसऱ्या दिवशी झाला. मासा मालकाने संध्याकाळीच विकला होता. आमचा मासा आम्हाला न विचारता विकला, सोडायचे ठरले असताना मारला, आणि वर जादा वेळेचे पैसे मागितले, अशी तीन तक्रारींची यादी घेऊन आम्ही गेलो. मालकाने अटींचे पान पुढे ठेवले. मासा बोटीचा हे त्यात लिहिलेले होते, आणि सोडण्याविषयी एक अक्षरही नव्हते. जादा वेळेचे निम्मे पैसे त्याने सोडून दिले. अर्धा किलो धुरी दिलेला मार्लिनही दिला, जो अप्पांनी खाल्ला नाही. कप्तान आमच्याशी एकटा बोलला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. तो म्हणाला, मासा सोडायचा हे तुम्ही मला सकाळी निक्षून सांगितले असते, तर अकरा वाजता मी माझ्या माणसाला का थांबवले असते?

निर्णयाच्या क्षणांकडे पुन्हा पाहताना

कप्तानाच्या त्या प्रश्नावर मी इतर कशाहीपेक्षा अधिक विचार केला आहे. अकरा पाचला मासा ताजातवाना होता. घ्यायचा असेल तर अशा माशाला हात लावणे धोक्याचे असते: लीडर हातमोज्याभोवती गुंडाळलेला खलाशी क्षणात पाण्यात ओढला जाऊ शकतो, आणि शुद्धीवर असलेला मार्लिन बोटीत आला तर चोचीने माणूस जायबंदी करू शकतो. म्हणून तो थकेपर्यंत थांबणे योग्य ठरते. सोडायचा असेल तर मात्र त्याला बोटीत आणायचेच नसते. लीडर हाताला लागला, दोन सेकंद धरला, कापला, की काम संपले. मासा सोडण्याच्या बहुतेक स्पर्धांत लीडरला खलाशाचा हात लागणे हेच मासा मिळाल्याचे प्रमाण मानतात. म्हणजे अप्पांचा मार्लिन नियमाने पंचेचाळीस मिनिटांतच त्यांचा होऊ शकला असता, आणि तोही जिवंत. एकाच क्षणी एका हेतूसाठी थांबणे बरोबर होते आणि दुसऱ्या हेतूसाठी न थांबणे. हेतू कोणता, हेच बोटीवर ठरलेले नव्हते, आणि अशा वेळी कप्तान स्वतःच्या धंद्याला धरून वागला तर त्याला दोष देता येत नाही. कॅमेऱ्यासाठी मागितलेल्या त्या ‘एका मिनिटा’चा वाटाही यात आहे, मात्र तो आमच्यातील सोबत्याने अजून मान्य केलेला नाही.

दोरीच्या निवडीबाबत माझे मत बदलले आहे. हलकी दोरी म्हणजे अधिक खिलाडूपणा, ही समजूत मासा सोडायचा असेल तेव्हा उलटी पडते. उपग्रहाला माहिती पाठवणाऱ्या खुणचिठ्ठ्या लावून केलेल्या पाहण्यांत, चांगल्या अवस्थेत सोडलेले मार्लिन बहुतेक वेळा जगतात असे दिसले आहे. ती चांगली अवस्था झुंज आटोपती ठेवल्याशिवाय राहत नाही. निळा मार्लिन धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे, आणि हिंदी महासागर टूना आयोगाने २०१८ च्या ठरावात या समुद्रासाठी त्याच्या वार्षिक पकडीवर ११,९३० टनांची मर्यादा घातली. त्या आकड्यापुढे आमचे २०३ किलो म्हणजे काहीच नव्हेत, आणि व्यावसायिक जाळ्यांचा व लांब दोरीच्या गळांचा वाटा आमच्यासारख्यांच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. पण मासा सोडणार म्हणून आम्ही निघालो होतो, आणि साधन असे मागितले होते की ज्याने तो सोडण्याजोगा उरणार नव्हता. आमिषांवर दोनऐवजी एकच गळ मागणे, हेही सुचायला हवे होते.

प्रकृतीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली औषधे एका कागदावर लिहून कप्तानाकडे दिली असती, तर खुर्चीत कोणी बसायचे आणि किती वेळ, हे वेगळे ठरले असते.

रॉड बदलण्याच्या बाबतीत माझी खंत वेगळी आहे. दीड वाजता अप्पांनी नकार दिला तेव्हा ते नीट विचार करण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि आम्ही त्यांच्या शब्दाला मान दिला. वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या मित्रांसमोर ‘तुम्ही उठा’ म्हणायचे कोणी, हा आपल्याकडचा नेहमीचा पेच आहे, आणि तो समुद्रावरही आमच्याबरोबर आला. परका, पंचविशीतला खलाशी ते बोलू शकला, कारण त्याला ते ओझे नव्हते.

आता त्याच कप्तानाशी पुन्हा पत्रव्यवहार चालू आहे. या वेळी मी चार अटी लिहून पाठवल्या. सगळ्या रॉडवर ६० किलोची दोरी आणि एकच गळ, ही त्याने आनंदाने मान्य केली. मार्लिन सोडायचा, आणि त्याबद्दल बोटीला ठरलेली जादा रक्कम द्यायची, ही मालकाने थोडी घासाघीस करून स्वीकारली. औषधांचा कागद त्याने स्वतःच्या नमुन्यात घालून परत पाठवला. चौथी अट अशी होती की दोन तास झाले की दोरी कापायची. ती त्याने खोडली आणि तिच्या जागी लिहिले: घड्याळ बघू नका, दोरी बघा, ती सरळ खाली गेली आणि अर्ध्या तासात एक मीटरही आत आली नाही, तर रॉड मी बदलणार, आणि पुढच्या अर्ध्या तासात फरक पडला नाही, तर सुरी मी चालवणार, त्या वेळी कोणाला विचारणार नाही. त्याखाली चौघांच्या सह्यांसाठी जागा सोडलेली होती. पहिली सही अप्पांनी केली.